पाठमोरी

आमच्या एकांकिकेतल्या म्हाताऱ्या इंजिनिअरचा त्या पोरीवर एवढा विश्वास का, हा प्रश्न पहिल्याच वाचनाला मी विचारला होता. पुढे तोच प्रश्न परीक्षकांनी विचारला. त्या वेळी सगळ्या ग्रुपमध्ये ते उत्तर प्रयोगात का राहून गेलं हे फक्त दोघांना माहीत होतं, आणि त्यातली एक मी गप्प उभी राहिले.

मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. लाइनवरून आलेला पीस गेज लावून तपासायचा, बरोबर असेल तर पुढे सोडायचा, नसेल तर लाल ट्रेमध्ये टाकायचा, हे माझं काम. राहते भोसरीत, आईबरोबर. लहानपणी वस्तीतल्या बुद्धविहारात जयंतीला भाषणं करायचे, तेव्हापासून माझा आवाज मोठा आणि भीड कमी. वडील ज्या फोर्जिंगच्या, म्हणजे मोठ्या हॅमरखाली लोखंड ठोकून घडवणाऱ्या कारखान्यात होते तिथेच काका सुपरवायझर होते. काका म्हणजे आमच्या नाटकाच्या ग्रुपचे लेखक, दिग्दर्शक आणि मुख्य नट. वडील गेल्यानंतर घरी भेटायला आले, तेव्हा आईला म्हणाले, "वहिनी, पोरीचा आवाज कंपनीत वाया चाललाय. रविवारी माज्याकडं पाठवा."

काका चाकणजवळच्या एका गावचे. जमिनी गेल्या, गावाला चारी बाजूंनी कंपन्यांनी वेढलं, काका थेरगावात राहायला आले, पण बोलणं गावचंच राहिलं. व्हय, न्हाई, आमी. लिहायला बसले की मात्र भाषा अशी शुद्ध की आम्हाला पाठ करताना घाम फुटायचा. दर वर्षी कामगारांच्या एकांकिका स्पर्धेत ते एक नाटक उतरवायचे. गेली कित्येक वर्षं विषय तेच होते: संप, व्यसन, हुंडा. गेल्या वर्षी तालमीच्या पहिल्या रविवारी त्यांनी सगळ्यांकडे बघितलं आणि जाहीर केलं, "औंदा मंगळावर जायचं."

सगळे हसले. काका हसले नाहीत.

गोष्ट अशी होती. मंगळावर माणसांची एक छोटी वसाहत आहे. तिथल्या हवेचं यंत्र उभारणारा इंजिनिअर आता म्हातारा झालाय. त्याच्या हाताखाली एक पोरगी शिकतेय. तिचा जन्मच तिकडचा, पृथ्वी तिने फक्त चित्रात बघितलेली. एके दिवशी पाण्याची मोठी टाकी कक्षेतून सुटते आणि लांब जायला लागते. छोटं यान घेऊन कुणीतरी तिच्यामागे गेलं पाहिजे, नाहीतर वसाहत तहानेने मरेल. म्हातारा म्हणतो, ही पोरगी जाईल. वसाहतीचा चेअरमन हादरतो, कारण पोरगी यान चालवण्याच्या परीक्षेत एकदा सोडून दोनदा नापास झालेली आहे. पोरगी स्वतः सभेत येऊन सांगते, मला पाठवू नका. त्यावर म्हातारा एक लांब भाषण करतो, आणि पोरगी जाते. शेवटी रेडिओवर नुसती खरखर ऐकू येते. ती टाकी घेऊन परत येते की नाही, हे नाटक सांगत नाही.

"काका, हे पटत नाही," मी म्हणाले. "दोनदा रिजेक्ट झालेला पीस मी पास करत नाही. हा म्हातारा का करतो?"

"पोरगी काय पीस हाय व्हय?"

"मग निदान शेवटी ती परत येताना तरी दाखवा. म्हणजे लोक म्हणतील, म्हाताऱ्याचं बरोबर होतं."

काकांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला. "ती आली तर ह्याचं बरोबर, न्हाई आली तर ह्याचं चूक. मंग त्यो इस्वास कसला? त्यो तर निकाल झाला."

मला हे पटलं नाही, पण भूमिका मोठी होती आणि ती त्यांनी मला दिली होती, म्हणून मी वाद सोडला. म्हाताऱ्याचं काम ते स्वतः करणार होते. चेअरमनचं काम लातूरकडच्या एका मुलाला दिलं. तो चाकणला असेंब्ली लाइनवर होता, भोसरीत आमच्या मागच्या गल्लीत चार मुलांबरोबर खोली घेऊन राहायचा. रविवारी तालमीला आम्ही एकाच बसने जायचो. मला ताई म्हणायचा, आणि कंपनीच्या डब्यातला गुलाबजाम रुमालात गुंडाळून माझ्या आईसाठी आणायचा.

तालमी थेरगावातल्या शाळेच्या हॉलमध्ये होत. मंगळ आम्ही थर्मोकोल, निळे प्लॅस्टिकचे ड्रम आणि पॅकिंगच्या चंदेरी कागदातून उभा केला. माझ्या अंतराळवेशासाठी एका वेल्डरने जुना बॉयलरसूट दिला, त्याला आम्ही रंग मारला. हेल्मेटला पुढे काच लावायची असं ठरत होतं, पण काका म्हणाले, "काच नको. लोकांना तिचं तोंड दिसाया पायजे." सगळ्यांना ते बरोबर वाटलं.

खरं कारण मला काही दिवसांनी कळलं. तालमीत माझ्या बुटाची नाडी सुटली. मी खाली वाकून नाडी बांधता बांधताच वाक्य म्हटलं आणि काकांच्या वाक्याची वाट बघत राहिले. ते बोललेच नाहीत. वर बघितलं तर ते शांतपणे माझ्याकडे बघत होते, जणू मी अजून काही बोललेच नव्हते. मी उभी राहून वाक्य परत म्हटलं, तेव्हा त्यांनी लगेच उत्तर दिलं. असं अजून एकदा झालं तेव्हा मी त्यांना तालीम संपल्यावर गाठलं. डांगे चौकाजवळ आमची नेहमीची चहाची टपरी होती. तिथे ते मला घेऊन गेले आणि भिंतीकडे पाठ करून उभे राहिले.

"हॅमरच्या शेजारी उभा राहून जल्म गेला," ते म्हणाले. "उजवा कान गेलाच हाय, डावा चाललाय. मशीन घेतलंय, पर त्ये स्टेजवर शिट्टी मारतंय. तुजं तोंड दिसलं की मला समदं कळतं. तू सवाद माज्याकडं बघून म्हन. बाकीचं मी बघतो."

"आणि बाकीच्यांचे संवाद?"

"त्यांचे मला पाठ हायेत. हात हलला, मान हलली की कळतं कुठवर आलं. तुजं तसं न्हाई. तू रोज निराळं बोलतीस." हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही.

"सगळ्यांना सांगू या ना, काका. सांभाळून घेतील."

"त्येच तर नको. एकदा सांभाळाया लागले की मानूस गेला." त्यांनी चहाचा ग्लास ठेवला. "हे काम मला करायचंय. पुन्यांदा व्हनार न्हाई. तुला सांगितलंय, कारन तू करशील."

मी हो म्हणाले. त्या क्षणी मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं होतं, हे खोटं कशाला बोलू.

पुढचे रविवार आम्ही तसंच काम केलं. मी कुठेही उभी असले तरी माझ्या पायांचा रोख काकांकडे असायचा. कुणीतरी आपल्या ओठांकडे एवढं लक्ष देऊन बघतंय म्हटल्यावर शब्द गिळता येत नाहीत. मला पहिल्यापासून घाईघाईने बोलायची सवय होती. ती त्या महिन्यांत गेली. 'ळ' आणि 'ण' तोंडात नीट बसायला लागले. कंपनीतसुद्धा सुपरवायझर एकदा म्हणाले, "मॅडम, हल्ली तुमचं बोलणं न्यूज वाचल्यासारखं झालंय." मी मनात काकांचे आभार मानले, तोंडाने कधी मानले नाहीत.

स्पर्धा चिंचवडला होती. आमचा प्रयोग दुपारचा. त्या वेळी प्रेक्षागृह अर्धंच भरतं, त्यातही निम्मे लोक पुढच्या एकांकिकेचे कलाकार असतात. तरी पडदा उघडला आणि मंगळ दिसला तसा लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुरुवात चांगली गेली. काका सुंदर काम करत होते. हवेच्या यंत्राशी एकटे बोलायचा त्यांचा एक प्रवेश होता, त्यात कुणी खोकलंसुद्धा नाही.

मग सभेचा प्रवेश आला. मी आत आले. काका उजवीकडे उभे, चेअरमन डावीकडे खुर्चीत. मला काकांकडे तोंड करून म्हणायचं होतं: मला भीती वाटते, मी दोनदा हरले आहे, मला पाठवू नका. पहिली दोन वाक्यं मी त्यांच्याकडे बघून म्हटली. तेवढ्यात समोरचा पिवळा दिवा उजळला. तो आमच्या तालमीत कधीच नव्हता. त्याची ऊब माझ्या गालाला लागली. समोरच्या अंधारात सगळे लोक माझ्याकडे बघताहेत हे मला अंगभर जाणवलं. मी एक पाऊल पुढे टाकलं आणि प्रेक्षकांकडे वळले.

ते पहिलं पाऊल आपोआप पडलं असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं, आणि कदाचित ते खरंही असेल. पण दुसरं पाऊल मी टाकलं तेव्हा मला माहीत होतं की काकांना आता माझी पाठ दिसतेय. मला माहीत होतं, आणि तरी मी वळले नाही, कारण त्या वेळी मी जे बोलत होते तसं मी कधी बोलले नव्हते. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी पदर डोळ्याला लावला. मला तो पदर दिसला आणि तो सोडवेना.

भाषण संपलं. आता काकांनी बोलायचं होतं. ते बोलले नाहीत.

मी पाठमोरीच थांबले. वाटलं, ते मुद्दाम थांबलेत, प्रसंग रंगवताहेत. शांतता लांबत गेली, मग ती वेगळी झाली. प्रेक्षकांत चुळबुळ सुरू झाली. चेअरमन झालेला मुलगा घाबरला. त्याला काहीच माहीत नव्हतं. त्याला वाटलं, काका वाक्य विसरले, त्यांना आठवण द्यावी. तो खुर्चीतून उठला आणि मोठ्याने म्हणाला, "इंजिनिअर साहेब, ऐकताय ना?"

प्रेक्षागृह खदखदून हसलं.

मी वळले. काका माझ्या पाठीकडे बघत होते ते आता माझ्या तोंडाकडे बघायला लागले. माझा चेहरा बघून त्यांना कळलं की आपली वेळ येऊन गेली. त्यांनी भाषण सुरू केलं, पण मधूनच केलं. "ही दोनदा हरली म्हणूनच" हे वाक्य राहिलं, त्याच्या पुढचं राहिलं. ज्या भाषणावर नाटक उभं होतं त्याचं शेपूट तेवढं लोकांना ऐकू आलं, तेही हशा विरता विरता. मग मी यानात बसले, रेडिओची खरखर झाली, पडदा पडला.

निकालात आमच्या एकांकिकेला काही मिळालं नाही. अभिनयाचं पहिलं बक्षीस मला मिळालं. परीक्षकांमधले एक वयस्क गृहस्थ माइकवर म्हणाले की मुलीचे शब्दोच्चार अत्यंत स्वच्छ आहेत, हे हल्ली दुर्मीळ झालंय. पुढे म्हणाले, "संहितेत मात्र एक मोठी उणीव आहे. त्या वृद्ध इंजिनिअरचा या मुलीवर इतका विश्वास का, ते शेवटपर्यंत पटत नाही."

आम्ही मागे, रंगमंचाच्या बाजूला उभे होतो. काकांनी सगळ्यांना जवळ बोलावलं. "चूक माजी हाय," ते म्हणाले. "मला ऐकू येत न्हाई. दोन वर्सं झाली. तुमाला सांगाया पायजे हुतं, न्हाई सांगितलं. माफी करा."  एकाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. काका माझ्याकडे बघणं टाळत होते, की मी त्यांच्याकडे, हे आता सांगता येत नाही. ते गेल्यावर चेअरमन झालेला मुलगा माझ्याजवळ आला. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं.

"ताई, तुला माहिती होतं का गं हे?"

"नाही," मी म्हणाले.

हातात बक्षिसाची बाहुली होती. एवढं सोपं होतं ते.

त्यानंतर कौतुकाचे दिवस आले. कंपनीत नोटीस बोर्डावर माझा फोटो लागला. कॅन्टीनमध्ये पुष्पगुच्छ देऊन सत्कार झाला. साहेबांनी भाषण केलं की आमच्या क्वालिटी डिपार्टमेंटची क्वालिटी बघा, आणि सगळे हसले. आईने बाहुली टीव्हीशेजारी ठेवली आणि येणाऱ्या प्रत्येकाला ती हातात घेऊन बघायला लावायची. काकांचा फोन आला नाही. मी केला नाही. फोनवर त्यांना ऐकू येत नाही, असं कारण माझ्याकडे होतं. चेअरमनवाला मुलगा सकाळी चाकणच्या बसमध्ये दिसेनासा झाला. कुणीतरी म्हणालं, त्याने शिफ्ट बदलून घेतली.

दिवाळी गेली, थंडी पडली. कामावर एका नवीन मुलीला मी गेज धरायला शिकवत होते. तिने चुकीचा पीस पुढे सोडला, मी विचारलं, कुणी सोडला? ती म्हणाली, "मॅडम, मीच." पटकन, काही न लपवता. मी तिच्यावर ओरडणार होते, ते राहून गेलं. त्या रविवारी मी थेरगावला गेले.

दार काकूंनी उघडलं. काका आतल्या खोलीत कॉटवर बसून पेपर वाचत होते. मला बघून त्यांनी पेपरची घडी केली. मी त्यांच्यासमोर स्टुलावर बसले आणि हळू आवाजात सुरुवात केली, कारण अशा गोष्टी माणूस हळूच सांगतो.

"मोठ्यानं बोल," काका म्हणाले. "मशीन काकूनं कुठं ठिवलंय काय की."

"काका, त्या दिवशी चूक माझी होती."

"काय?"

"माझी चूक होती!" मी ओरडले. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. "मी तुमच्याकडे पाठ केली! मला माहीत होतं तुम्हाला ऐकू येणार नाही, तरी वळले नाही!"

समोरच्या घराचं दार उघडं होतं. तिथल्या म्हातारबाई उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या. मला रडू यायला लागलं, पण रडत ओरडता येत नाही, म्हणून मी नुसतीच बसून राहिले.

काकांनी पेपर उशाशी सरकवला. मग म्हणाले, "पाठ मला दिसली की. कान गेलेत, डोळे हायेत."

"मग तुम्ही सगळ्यांसमोर तुमची चूक का म्हणालात?"

"माजीबी हुतीच. लपवलं मीच." ते पुढे वाकले. त्यांचा आवाज एकदम कडक झाला. तसा मी तो तालमीतसुद्धा ऐकला नव्हता. "उजेड बघून पाय पुढं जातो, ते मला कळतं. मीबी नट हाय. त्याचा राग आला, लय आला, दिवाळीलाबी तुज्या घरी आलो न्हाई. त्यो राग गेला. पर त्या पोराला तू न्हाई का म्हनलीस?"

मी ओढणीने तोंड पुसलं.

"त्यो माज्याकडं आला हुता. हितं बसून रडला. म्हनला, काका, मी तुमाला सगळ्या लोकांत बहिरं केलं. त्याला वाटतंय, समदं त्याच्या त्या एका वाक्यानं बुडालं. नाटक सोडलं त्यानं."

"तुम्ही त्याला सांगितलं नाही?"

"मी न्हाई सांगनार. त्ये तुजं काम हाय."

काकू चहा घेऊन आल्या. माझ्याकडे बघितलं नाही, पण कप माझ्या हातात दिला. मी तो प्यायले आणि निघाले. काकांनी जा म्हटलं नाही, ये म्हटलं नाही.

त्याच संध्याकाळी मी आमच्या मागच्या गल्लीत गेले. तो खोलीबाहेर नळावर कपडे धूत होता. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. आधी त्याला समजलं नाही. मग समजलं. त्याने साबणाचे हात तसेच गुडघ्यावर ठेवले.

"म्हणजे तुला माहिती होतं."

"हो."

"आणि मी विचारलं तवा तू नाही म्हणलीस."

"हो."

"मला झोप येत नव्हती गं," तो म्हणाला. "लाइनवर माझ्याकडून दोनदा बोल्ट राहिले. मेमो मिळाला." तो चिडून बोलला असता तर बरं वाटलं असतं. तो नुसता हिशेब लागल्यासारखा मान हलवत होता. "जा तू आता," म्हणाला, आणि शर्ट पिळायला लागला.

काकांचा विश्वास बरोबर होता का, हे मी स्वतःला खूपदा विचारलं आहे. कधी वाटतं, नव्हता. नाटकातली पोरगी मला पाठवू नका असं निदान खरं तरी सांगते. मी हो म्हणून गेले आणि पहिल्या उजेडाला भुलले. कधी वाटतं, उशिरा का होईना, गेले ना मी त्यांच्या दारात, त्या मुलाच्या दारात. पण असं वाटलं की लगेच लाज वाटते, कारण चुका केल्याबद्दल स्वतःची पाठ थोपटणं हेसुद्धा प्रेक्षकांकडे तोंड करून बोलण्यासारखंच आहे.

या वर्षी जूनमध्ये काकांनी परत ग्रुप जमवला. निरोप मला दुसऱ्याच एका मुलीकडून आला. मी गेले आणि मागच्या बाकावर बसले. तो मुलगाही आला होता. त्याने मला ओळख दाखवली, नीट बोलला. फक्त ताई म्हणाला नाही. "मॅडम, जरा सरकता का?" म्हणाला, जसं कंपनीत कुणीही म्हणतं.

काका या वर्षी स्वतः काम करणार नाहीत. कानात मशीन लावून खुर्चीत बसतात, शिट्टी वाजली की सगळ्यांदेखत त्या मशीनलाच ठोकतात आणि शिव्या घालतात. त्यांनी नवीन एकांकिका वाचली. पुन्हा पुढच्या काळातलीच आहे, समुद्राखालच्या एका शहराची. पहिले दोन रविवार मला भूमिका मिळाली नाही. मी हॉल झाडला, बाकं लावली, मुलांकडून संवाद म्हणवून घेतले. तिसऱ्या रविवारी काकांनी कागद वाटले आणि एक माझ्यासमोर धरला. शहराचं दार उघडणाऱ्या एका बाईचं काम आहे. दोन प्रवेश, थोडे संवाद.

"करशील?" त्यांनी विचारलं.

"करीन," मी म्हणाले.

आमच्या ग्रुपमध्ये बायका नेहमी कमी पडतात. त्यामुळे हे काम त्यांनी मला का दिलं, हे मी विचारलं नाही. परतीच्या बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. भोसरी येईपर्यंत मी माझी वाक्यं पाठ करत होते, ओठ हलवत, सावकाश.